टेनर गिटारची मान आणि तारांचा ताण



आपल्या मंडळातली बरीच मुले शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन, व्हायोला नाहीतर चेलो वाजवतात. पुढे कधीतरी त्यांना गिटारचे वेध लागतात आणि सहा तारांपुढे पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. अशा मुलांसाठी टेनर गिटार हा छान मधला मार्ग आहे. तिला चारच तारा असतात आणि त्या व्हायोलासारख्याच, अगदी त्याच पट्टीत, सी-जी-डी-ए अशा लावतात. गराज सेलमध्ये पन्नास-साठ वर्षांची टेनर गिटार कधीकधी स्वस्तात मिळूनही जाते. पण घरी आणल्यावर कळते की तारा फार उंच आहेत. त्या दाबताना मुलाची बोटे दुखतात आणि दोन आठवड्यांत गिटार कोपऱ्यात जाते. दुरुस्तीला न्यावी तर खर्च किमतीपेक्षा जास्त! म्हणून घेण्याआधी काय पाहायचे आणि का, ते इथे मांडत आहोत. थोडे गणित आहे, पण घाबरू नका, शाळेतलेच आहे.

बँजोवाल्यांची गिटार

हे वाद्य अमेरिकेत 1920 च्या दशकात पुढे आले. तेव्हा नाचाच्या बँडमध्ये चार तारांच्या टेनर बँजोची चलती होती. मग लोकांची आवड गिटारकडे वळू लागली. बँजोवाल्यांना बोटांची सवय न मोडता गिटारचा आवाज मिळावा म्हणून गिब्सन, मार्टिन अशा कंपन्यांनी बँजोच्याच सुरावटीची ही गिटार काढली. पुढे किंग्स्टन ट्रिओच्या निक रेनॉल्ड्स यांनी मार्टिनची टेनर गिटार घराघरांत पोचवली. टायनी ग्राइम्स यांनी जॅझमध्ये विजेवरची टेनर गिटार वाजवली.

तांदळाच्या चार पिशव्या

तारेचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचे दर इंची वजन, तिची कंप पावणारी लांबी आणि सूर म्हणजे कंपनसंख्या. वजन दुप्पट केले तर ताण दुप्पट होतो. लांबी किंवा कंपनसंख्या दुप्पट केली तर मात्र ताण चौपट, कारण तिथे वर्ग येतो.

आता आकडे घालून पाहू. टेनर गिटारची लांबी साधारण 23 इंच धरू. सी-जी-डी-ए साठी 0.032, 0.022, 0.014 आणि 0.010 इंच जाडीच्या तारा घेतल्या, तर प्रत्येकीवर 20 ते 24 पौंड ताण येतो. चारही मिळून सुमारे 84 पौंड, म्हणजे 38 किलो. इंडियन ग्रोसरीतून आपण 20 पौंडांची तांदळाची पिशवी आणतो ना, तशा चार पिशव्या गिटारच्या मानेला रात्रंदिवस ओढत असतात! सहा तारांच्या गिटारला 'लाइट' जाडीचा संच लावला तर हाच आकडा 160 पौंडांच्या पुढे जातो, म्हणजे आठ पिशव्या.

मान का वाकते?

तारा मानेच्या लाकडातून जात नाहीत, तिच्या वरून जातात. त्यामुळे त्यांची ओढ मानेला नुसती दाबत नाही, तर पुढच्या बाजूला वाकवते. आपल्या तंबोऱ्याच्या तारा मोकळ्याच छेडतात, त्यामुळे दांडी किंचित वाकली तरी फारसे बिघडत नाही. गिटारवर पडदे असतात, तारा दाबायच्या असतात, म्हणून इथे मिलिमीटरचाही फरक बोटांना जाणवतो.

आता टेनर गिटारवर भार निम्मा आणि मानेची रुंदी मात्र सहा तारांच्या गिटारच्या सुमारे तीन-चतुर्थांश. म्हणजे जाडी तेवढीच ठेवली तर टेनरची मान उलट निर्धास्त असायला हवी. मग जुन्या गिटारी वाकलेल्या का दिसतात? एक कारण म्हणजे जाडी. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. मान जाडीला फक्त 10 टक्के कमी केली की तिची ताकद सुमारे 27 टक्के घटते. दुसरे कारण काळ. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांनी फळी पहिल्या दिवशी वाकत नाही, पाच-दहा वर्षांनी तिला मधोमध झोळ येतो. सततच्या भाराखाली लाकूड असेच हळूहळू सरकते.

आतली सळई

यावर उपाय म्हणजे मानेच्या आत घातलेला आधार. तो दोन प्रकारचा असतो. पहिला न हलणारा, म्हणजे कठीण लाकडाची किंवा पोलादाची पट्टी. मार्टिन कंपनी आधी एबनी लाकूड वापरत असे, 1934 पासून पोलादी पट्टी आली आणि फिरवता येणारी सळई थेट 1985 मध्ये. दुसरा प्रकार म्हणजे हीच फिरवता येणारी सळई, ट्रस रॉड. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचे पेटंट 1923 मध्ये मिळाले. तिचे नट आवळले की मान मागे खेचली जाते आणि तारांच्या ओढीला तोल मिळतो.

जुन्या स्वस्त गिटारींवर कधीकधी 'स्टील रिइन्फोर्स्ड नेक' असा छाप दिसतो. त्याचा अर्थ आत पोलाद आहे एवढाच. ते फिरवता येतेच असे नाही. विकणारा 'ट्रस रॉड आहे' म्हणाला तर नट कुठे आहे ते दाखवायला सांगा.

चुकीच्या तारांचा फटका

टेनर गिटार तीन प्रकारे लावतात. सी-जी-डी-ए म्हणजे व्हायोला. जी-डी-ए-ई म्हणजे व्हायोलिन, पण एक सप्तक खाली. डी-जी-बी-ई म्हणजे नेहमीच्या गिटारच्या वरच्या चार तारा. प्रत्येकीला तारांचा संच वेगळा लागतो. डी-जी-बी-ई च्या संचातली 0.012 ची ई तार 19 पौंडांवर असते. तीच ओढून ए पर्यंत नेली तर ताण 34 पौंडांच्या आसपास जातो, एकतर तार तुटते नाहीतर मान सोसते. उलट सी-जी-डी-ए चा संच जी-डी-ए-ई ला उतरवला तर ताण 56 टक्क्यांवर येतो आणि तारा पडद्यांवर खरखरतात. म्हणून आधी सुरावट ठरवा, मग तारा घ्या. आधार नसलेल्या जुन्या मानेला नेहमी हलका संच लावा.

घेताना काय तपासाल?

1. तारा सुरात लावलेल्या असताना एक तार पहिल्या पडद्याशी आणि जिथे मान पेटीला मिळते त्या पडद्याशी एकाच वेळी दाबा. मध्यावर तार आणि पडदा यांत व्हिजिटिंग कार्डाएवढी फट दिसावी. त्याहून बरीच जास्त असेल तर मान पुढे वाकली आहे.

2. मान सरळ आहे, तरीही तारा उंच आहेत? मग पडद्यांवर सरळ पट्टी ठेवून ती ब्रिजकडे न्या. टोक ब्रिजच्या माथ्याशी यायला हवे. ते बरेच खाली धडकले तर मानेचा पेटीशी असलेला कोन बिघडला आहे. हा दोष ट्रस रॉडने जात नाही. त्यासाठी मान सोडवून पुन्हा बसवावी लागते आणि ते काम महाग असते.

3. ट्रस रॉड फिरवायचाच तर एका वेळी पाव फेरी, आणि पुन्हा सूर लावून पाहा. नट घट्ट लागले तर जोर लावू नका, कारागिराकडे न्या.

हवामानही लक्षात घ्या

हिवाळ्यात घरातल्या हीटिंगने हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि तारांची उंची बदलते. गिटार केसमध्ये ठेवा आणि आर्द्रता 45 ते 55 टक्के राखा. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती कधीही ठेवू नका, उष्णतेने सरस सैल पडतो. भारतवारीला महिनाभर जाणार असाल तर तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा. एक पूर्ण सूर उतरवला तरी भार सुमारे 20 टक्के कमी होतो.

थोडक्यात काय, रंग आणि पॉलिश नंतर बघा, आधी मान बघा. मान ठीक असेल तर जुनी टेनर गिटार तुमच्या मुलांच्या मुलांनाही पुरेल. पुढच्या कार्यक्रमाला कोणी आपली टेनर गिटार घेऊन आले, तर मोजपट्टी आणि व्हिजिटिंग कार्ड आम्ही आणूच!