'ओ-यू-जी-एच'चा घोळ

मागच्या सेमिस्टरच्या सेमिनारला माझ्या रूम पार्टनरने फळ्यावर वेव्हची आकृती काढली. वरच्या टोकाला तो 'क्रेस्ट' म्हणाला आणि खालच्या खोलगट भागाला 'थ्रू'. झालं! मागच्या बाकावरून कोणीतरी "थ्रू प्रॉपर चॅनल!" असं ओरडलं आणि सगळा वर्ग हसला. पोरगा दहावीपर्यंत मराठी मीडियमचा. उरलेला सेमिनार त्याने मान खाली घालूनच संपवला. हसणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच कबूल करतो. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली की असं हसायचं लायसन्स मिळाल्यासारखं वाटतं.

रात्री मेसवरून आल्यावर मी ऐटीत सांगितलं, "अरे, तो शब्द ट्रॉफ आहे."

"का पण? टी-एच-आरच्या पुढे ओ-यू-जी-एच आलं की थ्रू होतं ना? मग नुसत्या टी-आरचं ट्रू तरी व्हायला पाहिजे. ट्रॉफ कुठून आलं? नियम सांग."

मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि तसाच बसलो.

मग आम्ही लायब्ररीतली जाडजूड डिक्शनरी गाठली. साधी केस म्हणून फक्त पाच अक्षरी शब्द घेतले. चार अक्षरं कॉन्स्टंट, एकच व्हेरिएबल. आधी सी लावा : कॉफ, म्हणजे खोकला. आर लावा : रफ. टी लावा : टफ. इथवर आशा वाटते. डी लावला की मात्र डो, मळलेली कणीक. बी लावला की बाउ, झाडाची फांदी. (हा शब्द मी जन्मभर 'बो' असा म्हणत आलो होतो. पार्टनरने उच्चाराच्या खुणेवर बोट ठेवलं आणि नुसता गालात हसला. फिट्टंफाट!) आणि टी आधी न लावता शेवटी लावला की ऑट. सहा शब्द, पाच उच्चार! आणखी तीन सापडले. एल लावला की आयर्लंडमधलं तळं, उच्चार लॉक किंवा घशातून लॉख. एच लावला की जनावराच्या मागच्या पायाचा सांधा, हॉक. एस लावला की वाऱ्याची सळसळ, तिला साउ म्हणा नाहीतर सफ म्हणा, दोन्ही चालतं.

हा घोळ कोणी मुद्दाम घातलेला नाही. जुन्या इंग्लिशमध्ये घशातून काढायचा एक 'ख'सारखा आवाज होता. उर्दूतल्या 'खबर'चा नीट उच्चार ऐकलाय ना, साधारण तसा. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि लिहिण्याचं काम फ्रेंच वळणाच्या लेखनिकांकडे गेलं. पुढे हळूहळू हा आवाज जी-एच असा लिहायची पद्धत पडली. म्हणजे तेव्हा ती दोन अक्षरं मुकी नव्हती, लिहायचे तसंच बोलायचे. 1476 मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला आणि स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली. बोलणं मात्र थांबलं नव्हतं. नंतरच्या दोनेकशे वर्षांत तो घशातला आवाज काही शब्दांतून साफ गेला, काही शब्दांत त्याचा 'फ' झाला. आधीचे स्वरही याच काळात सरकत होते. शिवाय गावोगावची बोली वेगळी, एक शब्द इकडचा टिकला तर दुसरा तिकडचा. स्पेलिंग राहिलं जुन्या बॅचचं, उच्चार नव्या बॅचचा.

यावरून एक गंमत लक्षात आली. आपला 'कफ' आणि त्यांचा 'कॉफ' हे नातेवाईक असणार असं मला वाटायचं. पण त्यातला 'फ' मुळात नव्हताच, तो मागाहून आला. म्हणजे सारखेपणा निव्वळ योगायोगाचा. उचकीची कथा तर उलटी. मूळ शब्द साधा हिकप. उचकी म्हणजे खोकल्याचाच प्रकार अशी कोणीतरी समजूत करून घेतली आणि शेवटी ओ-यू-जी-एच चिकटवलं. उच्चार अजून हिकपच.

खरे नातेवाईक भलतीकडेच निघाले. 1786 मध्ये सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात. इंग्लिशही त्याच घरातली. डिक्शनरीत शब्दाच्या शेवटी चौकटी कंसात त्याचं कूळ दिलेलं असतं, ते आम्ही एरवी कधी वाचत नाही. त्या रात्री वाचलं. 'बाउ'चा भाऊ आहे आपला बाहू! जुन्या इंग्लिशमध्ये त्याचा अर्थ खांदा, हात असाही होता. 'डो' आणि देह यांचं मूळ एकच, मळणे, लिंपणे, आकार देणे अशा अर्थाचं. पाच अक्षरांची अट सोडली तर 'डॉटर' आणि दुहिता आहेतच. इंग्लिशमध्ये जिथे जी-एच मुकं होऊन बसलंय, तिथे बाहू, देह, दुहिता या तिघांतही आपण 'ह' अजून स्वच्छ म्हणतो. मला हे बारा वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं म्हणा.

शेवटी ज्याच्यामुळे हसं झालं तो शब्द काढला. ट्रॉफ. मूळ अर्थ, जनावरांना पाणी किंवा चारा घालायचं लांबट लाकडी भांडं. जर्मनमध्ये अजून ट्रोग म्हणतात. मूळ धातू लाकूड या अर्थाचा, संस्कृतात 'द्रु', ज्याच्यावरून द्रुम, द्रोण आणि द्रोणी.

"द्रोणी म्हणजे डोणी की रे," पार्टनर म्हणाला.

"डोणी म्हणजे?"

त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की विचारू नका. मग शांतपणे समजावलं : विहिरीपाशी गुरांना पाणी प्यायला ठेवतात ती. त्यांच्या घरी दगडी आहे. आकार? त्याने वहीतल्या वेव्हच्या खालच्या भागावर पेन टेकवलं.

आता आमच्या रूममध्ये वेव्हला एक क्रेस्ट आणि एक डोणी असते. ओरलला मात्र ट्रॉफच म्हणायचं ठरलंय.