औषध तीन दिवसांत लघवीवाटे बाहेर पडतं, मग विषबाधेची भीती कशाला? उंदरांवरच्या चाचण्या काय सांगतात

कोपरी (ठाणे) : कोपरीत घराला वाळवी लागली किंवा शहापूर-मुरबाडकडे भातावर खोडकिडा आला, की अनेकदा क्लोरपायरीफॉसचा डबा उघडला जातो. आपण त्याला ‘औषध’ म्हणतो, पण आहे ते विषच.

हे विष पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, ते प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांवर तपासतात. औषधातल्या कार्बनला किरणोत्सारी खूण लावून ठरलेला डोस नळीने थेट पोटात सोडतात. खास पिंजऱ्यात लघवी आणि विष्ठा वेगवेगळी जमा होते. खूण कधी, किती निघाली ते मोजलं की हिशोब लागतो.

क्लोरपायरीफॉस आतड्यातून झटपट रक्तात जातं. साधारण तीन दिवसांत 80 टक्क्यांहून जास्त भाग लघवीवाटे आणि थोडा विष्ठेवाटे निघून जातो. डीडीटीसारखं ते वर्षानुवर्षं चरबीत साठून राहत नाही.

मग धोका कुठे आहे? बाहेर पडण्याआधी यकृतात त्याचं आणखी जहाल रूप तयार होतं. नसांचं काम ताळ्यावर ठेवणारं कोलिनएस्टरेज हे विकर ते बंद पाडतं. लाळ-घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास अडकतो. विष गेलं तरी विकर पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. त्या काळात पुन्हा फवारणी केली, तर थोडंसं विषही भारी पडू शकतं.

शिवाय उंदराला डोस तोंडावाटे देतात. शेतात मात्र विष कातडीतून आणि श्वासातूनही शिरतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वेगवेगळ्या कीटकनाशकांच्या विषबाधेने 20 हून अधिक जण दगावले.

डब्यावरचा रंगीत त्रिकोणही अशाच चाचण्यांवरून ठरतो. दर किलो वजनामागे 50 मिलिग्रॅमपर्यंतच्या डोसने निम्मे उंदीर मरत असतील तर लाल, 51 ते 500 ला पिवळा, 501 ते 5000 ला निळा, त्यापुढे हिरवा. हिरवा म्हणजे कमी विषारी, बिनविषारी नव्हे.

विषबाधेचा संशय आला तर कपडे काढून अंग साबणाने धुवा. ओकारी काढायला लावू नका. 108 ला फोन करा आणि डब्यावरचं लेबल डॉक्टरांना दाखवा. कोणतं विष आहे ते कळलं, की उपचार लवकर सुरू होतात.