एंजिन अडखळणे, उच्च वेगावरील

एंजिन अडखळणे, उच्च वेगावरील : एंजिनाचे दर मिनिटास होणारे फेरे एका मर्यादेपलीकडे वाढविताच त्याने धक्के देणे, शक्ती गमावणे किंवा पुढे वेग न घेणे, हा दोष. दुरुस्तीच्या धंद्यात यास ‘मिसिंग’ म्हणतात. जुन्या पिकअप वाहनांत तो विशेषेकरून आढळतो.

फेरे वाढले की इंधन, हवा व (पेट्रोल एंजिनात) ठिणगी यांची गरज त्याच प्रमाणात वाढते. चार सिलिंडरांच्या चतुर्धावी पेट्रोल एंजिनात १,००० फेऱ्यांस मिनिटाला २,००० ठिणग्या पुरतात, तर ४,००० फेऱ्यांस ८,००० लागतात. अर्धवट तुंबलेली गाळणी किंवा झिजलेले संपर्कबिंदू कमी वेगाची गरज भागवितात, मोठ्या वेगाची नाही. सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या दाट वस्तीत वाहन संथ चालत असल्याने दोष लपून राहतो. तेच वाहन पुणे–हैदराबाद महामार्गावर भरल्या ओझ्याने दुसऱ्या वाहनास मागे टाकू लागले म्हणजे तो प्रकट होतो आणि नेमकी त्या वेळी शक्ती खुंटणे धोक्याचे असते.

निदान : वाहन उभे असता, गिअर न टाकता फेरे वाढवून पाहतात. तशातही एंजिन ठरावीक फेऱ्यांवर अडखळले, तर प्रज्वलन किंवा झडपांच्या स्प्रिंगांकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. केवळ ओझ्याखाली अडखळल्यास इंधनपुरवठा अपुरा असण्याचा संभव अधिक असतो. मात्र दुर्बल ठिणगीही ओझ्याखालीच चुकू शकते. कार्ब्युरेटर असलेल्या वाहनात चोक किंचित ओढल्यावर चाल सुधारली, तर मिश्रणात इंधन कमी पडत आहे. बिघडली, तर ते आधीच जास्त आहे, असे अनुमान काढतात. प्लग, संपर्कबिंदूंमधील अंतर, कंडेन्सर व वितरकाचे झाकण ही त्यानंतर तपासतात.

भारतातील पिकअप वाहने बहुतांशी डीझेलवर चालणारी असतात, उदा., १९८८ मध्ये बाजारात आलेली टाटामोबाइल. डीझेल एंजिनात ठिणगी नसल्याने दोष इंधन व हवा यांच्या मार्गात शोधतात. काळा धूर निघत असल्यास हवा कमी पडते किंवा अंतःक्षेपकातून इंधन नीट फवारले जात नाही. सोलापूरसारख्या कोरड्या, धुळीच्या प्रदेशात हवेची गाळणी लवकर भरते. धूर न वाढता शक्ती घटल्यास इंधनाची गाळणी, पुरवठा पंप व टाकीतील नळी पाहतात. नळीचा काही भाग पारदर्शक लावल्यास आत शिरणाऱ्या हवेचे बुडबुडे दिसतात. वेगळ्या डब्यातून थेट स्वच्छ इंधन देताच दोष नाहीसा झाला, तर तो टाकी व जोडनळी यांमध्ये आहे, हे निश्चित होते. निष्कास नळी काजळीने तुंबल्यासही एंजिन वेग घेत नाही. गव्हर्नर कमाल फेऱ्यांवर इंधन आपोआप तोडतो. ही मर्यादा दोष समजू नये.

कार्ब्युरेटर किंवा इंधन पंप यांसारखे महाग भाग बदलण्यापूर्वी स्वस्त व सुलभ चाचण्या क्रमाने कराव्यात आणि एका वेळी एकच बदल करावा. एकदम अनेक भाग बदलल्यास खरे कारण अज्ञात राहते व खर्च होऊनही दोष पुन्हा उद्भवतो.