उच्च प्राथमिक वर्गांतील इतिहास : विद्यार्थी वर्षभर बरोबर कसा राहील?

सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला एक साधा प्रश्न विचारून पाहावा : पोर्तुगीजांनी गोवा आधी घेतला, की बाबराने पानिपतची लढाई आधी जिंकली? अभ्यासात बरा असलेला विद्यार्थीही पुष्कळदा पानिपतचे नाव आधी घेतो. वस्तुतः अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा जिंकला तो १५१० मध्ये आणि पानिपतची पहिली लढाई झाली ती १५२६ मध्ये. विद्यार्थी चुकतो, कारण अनेक पाठ्यक्रमांत मोगल आधीच्या इयत्तेत येतात आणि युरोपीय सत्ता नंतरच्या इयत्तेत. पुस्तकातील पाठांचा क्रम हाच काळाचा क्रम, अशी त्याची समजूत होऊन बसते. पाठ त्याने वाचलेला असतो, उत्तरेही लिहिलेली असतात. परंतु एका पाठाचा दुसऱ्याशी असलेला संबंध त्याच्या हाती लागलेला नसतो.

इतिहासात विद्यार्थी मागे पडतो तो असा, कोणाच्या लक्षात न येता. गणितात भागाकार आला नाही तर पुढचे उदाहरण अडते आणि उणीव तेथेच उघडी पडते. इतिहासात बहमनी राज्याचा पाठ न समजताही शिवकालाचा पाठ वाचता येतो, प्रश्नोत्तरे पाठ करता येतात आणि गुणही मिळतात. उणीव साचत जाते आणि ती दिसते तेव्हा तो विद्यार्थी महाविद्यालयाच्या बाकावर बसलेला असतो. म्हणूनच हा विषय केवळ शाळेचा नाही. शिक्षक घडवणाऱ्या आणि शाळांना मार्गदर्शन करणाऱ्या महाविद्यालयीन अध्यापकांनीही त्याचा विचार करणे आवश्यक आहे.

वर्षाचा हिशोब

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन-तास अपेक्षित आहेत. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे सुमारे ३७ आठवडे होतात. इतिहासाला आठवड्यास दोन तासिका असल्या तर हाती ७० च्या आसपास तासिका येतात. चाचण्या, स्नेहसंमेलन, शिक्षकांची इतर कामे व अवांतर कार्यक्रम वजा जाता प्रत्यक्षात ५५ ते ६० उरल्या तरी पुष्कळ. बारा पाठांना प्रत्येकी चार तासिका दिल्या तर ४८ खर्च होतात.

वार्षिक नियोजन करताना सर्वसाधारणपणे या सर्व तासिका नव्या पाठांवर वाटल्या जातात आणि उजळणी परीक्षेपूर्वीच्या पंधरवड्यावर ढकलली जाते. खरी चूक येथे होते. उजळणी वर्षाच्या शेवटी करावयाची गोष्ट नाही. ती प्रत्येक आठवड्यात थोडी थोडी पेरली तरच मूल वर्षभर बरोबर राहते. दर तासिकेची पहिली पाच मिनिटे तिच्यासाठी राखली तर ६० तासिकांत ३०० मिनिटे, म्हणजे ४० मिनिटांच्या साडेसात तासिका लागतात. हा वेळ जूनमध्येच बाजूला काढून ठेवावा लागतो. फेब्रुवारीत तो सापडत नाही.

परतीचे प्रश्न

विसरणे ही आळसाची खूण नव्हे. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवून दिले, की शिकलेल्या गोष्टींचा मोठा भाग शिकल्यानंतर लवकरच निसटतो आणि पुढे निसटण्याचा वेग मंदावतो. त्यावरचा उपाय अलीकडच्या प्रयोगांतून अधिक स्पष्ट झाला. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचावयास दिला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, तर लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के.

हाच विचार पुढे शाळेच्या वर्गात तपासला गेला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील एका शाळेत सहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या पाठांवर लहान लहान प्रश्नमंजूषा घेण्यात आल्या. ज्या मुद्द्यांवर अधूनमधून प्रश्न विचारले गेले, त्या मुद्द्यांची उत्तरे पाठाच्या परीक्षेत आणि सत्राच्या शेवटीही इतर मुद्द्यांपेक्षा चांगली आली. हे मुद्दे नुसते पुन्हा वाचावयास दिले तेव्हा तेवढा लाभ झाला नाही. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्या शाळांत याचे रूप अगदी साधे ठेवता येते. तासिका सुरू होताच पुस्तके मिटून चार प्रश्न विचारावेत : दोन मागील तासिकेवरचे, एक मागील महिन्यातला आणि एक वर्षाच्या पहिल्या-दुसऱ्या पाठातला. प्रत्येक मुलाने उत्तर कागदाच्या चिटोऱ्यावर लिहावे. हात वर करणारी ठरावीक चार मुले बोलली, की उरलेला वर्ग स्वस्थ बसतो. म्हणून सर्वांनी लिहिणे महत्त्वाचे. उत्तर लगेच सांगावे, ज्याने त्याने आपले तपासावे. गुण देऊ नयेत. गुण आले की भीती येते आणि मूल शेजाऱ्याच्या चिटोऱ्यात पाहू लागते.

यातून घोकंपट्टी वाढेल अशी शंका घेतली जाते. ती प्रश्नांच्या स्वरूपावर अवलंबून आहे. नुसते सन विचारले तर घोकंपट्टीच होईल. ‘आधी कोणते, नंतर कोणते?’, ‘यामुळे पुढे काय घडले?’, ‘हेच नाव याआधी कोणत्या पाठात आले होते?’ असे प्रश्न असतील तर मुलाला दोन पाठ एकत्र आठवावे लागतात. इतिहासाचे आकलन तेथूनच सुरू होते.

एक धागा, अनेक पाठ

विजापूरच्या आदिलशाहीचे उदाहरण घेता येईल. १३४७ मध्ये स्थापन झालेल्या बहमनी राज्याच्या पाठात बीदरचा महमूद गवान येतो. त्याने बांधलेला मदरसा १४७२ चा. १४८१ मध्ये त्याचा वध झाला. त्यानंतर बहमनी राज्याची शकले झाली, त्यांतील एक आदिलशाही. हीच आदिलशाही १५१० मध्ये गोवा गमावते, म्हणजे ती पोर्तुगीजांच्या पाठात आहे. १५६५ मध्ये राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरविरुद्ध उभी असते, म्हणजे विजयनगरच्या पाठातही आहे. शहाजीराजे तिच्या सेवेत होते आणि १६५९ मध्ये प्रतापगडावर आलेला अफजलखान तिचाच सरदार होता, म्हणून ती शिवकालात येते. शेवटी १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर घेतले तेव्हा ती मोगलांच्या पाठात संपते.

पुस्तकात ही माहिती पाच ठिकाणी विखुरलेली असते. शिक्षकाने जूनमध्येच असा एक धागा निवडून ठेवला आणि प्रत्येक पाठात ‘आता आदिलशाही कोठे आहे?’ हा प्रश्न विचारला, तर मुलाला वर्षभर धरून चालण्यास एक दोर मिळतो. आणखी एक लाभ असा, की सत्तांचे संबंध राज्याच्या गरजेनुसार जुळत आणि तुटत गेले, हे उपदेशाशिवाय विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. बेळगाव परिसरातील मुलाला विजापूर लांब नाही. हैदराबादच्या मुलासाठी कुतुबशाही, बडोद्याच्या किंवा ग्वाल्हेरच्या मुलासाठी गायकवाड, शिंदे हेच काम करतील.

या धाग्याला काळपट्टीची जोड द्यावी. वर्गाच्या भिंतीवर कागदाची चार मीटर लांबीची पट्टी लावून एका वर्षाला एक सेंटिमीटर दिला, की १३०० ते १७०० हा काळ तीत बसतो. बहमनी राज्याच्या स्थापनेपासून राक्षसतागडीपर्यंत २१८ सेंटिमीटरचे अंतर मुले स्वतः मोजतात आणि दोन शतके म्हणजे किती, हे त्यांना कळते. वहीत हीच पट्टी वर्षाला एक मिलिमीटर या मापाने ४० सेंटिमीटरची होते. पट्टी तयार विकत आणून लावू नये. दर पाठानंतर मुलांनीच ती भरावी. विजापूरच्या गोलघुमटातील शिलालेखात मुहम्मद आदिलशाहाच्या मृत्यूचे वर्ष हिजरी १०६७ असे आहे, म्हणजे इसवी सन १६५६. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे ठरावीक आकडा मिळवून ते इसवीत बदलत नाही. ही गोष्ट एकदा पट्टीवर दाखवली, की शिलालेखांतील व पुस्तकांतील आकडे पाहून मूल गोंधळत नाही.

शब्दांचा अडथळा

या भागांतील अनेक मुलांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते, शाळेत मराठी आणि बाजारात कन्नड, कोकणी, हिंदी अथवा तेलुगू. अशा मुलाला इतिहासाच्या पुस्तकात अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक फसवतात. ‘इनाम’ म्हणजे त्याच्या लेखी बक्षीस. मराठी इतिहासात ती सरकारने दिलेली, सहसा सारामाफीची जमीन. ‘वतन’ म्हणजे घरच्या भाषेत मायभूमी. पुस्तकात वंशपरंपरागत हक्क व अधिकारपद. ‘सनद’ म्हणजे उर्दूत पदवीचे प्रमाणपत्रही. पुस्तकात हक्क देणारा सरकारी कागद. ‘किल्ला राखण्यासाठी शिकस्त केली’ या वाक्यात मराठी मुलाला पराकाष्ठेचा प्रयत्न दिसतो, तर उर्दू जाणणाऱ्या मुलाला पराभव. ‘दप्तर’ म्हणजे एकाला पाठीवरची पिशवी, दुसऱ्याला कचेरी; आणि पेशवे दप्तर म्हणजे कागदपत्रांचा संग्रह.

अशा मुलाचे उत्तर चुकले की त्याचे वाचन कच्चे आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. त्याने शब्द बरोबर वाचलेला असतो, अर्थ मात्र दुसऱ्या घरचा लावलेला असतो. उपाय कठीण नाही. प्रत्येक पाठापूर्वी असे पाच शब्द फळ्यावर लिहून ‘घरी याचा अर्थ काय?’ आणि ‘या पाठात अर्थ काय?’ असे दोन रकाने भरून घ्यावेत. एरवी गप्प बसणारे मूल येथे वर्गाला काही सांगू शकते. मराठीतील राज्यकारभाराच्या भाषेत फारसी-अरबी शब्द इतके होते, की त्यांना संस्कृत पर्याय देण्यासाठी शिवकालात राज्यव्यवहारकोश रचला गेला, ही गोष्टही त्याच ओघात सांगता येते.

खंड पडतो तेव्हा

कर्नाटकात दसऱ्याची, महाराष्ट्रात दिवाळीची, गोव्यात चतुर्थीची सुटी येते. ऊसपट्ट्यातील काही कुटुंबे गळीत हंगामात मुलांसह स्थलांतर करतात. काही मुले घरच्या कामासाठी, तर काही मुली धाकट्या भावंडांसाठी आठवडाभर घरी राहतात. परत आलेल्या मुलाला वर्ग तीन पाठ पुढे गेलेला दिसतो आणि ते मनाने तेथेच विषय सोडून देते.

यासाठी प्रत्येक पाठाचे एक पान वर्गात टांगून ठेवावे : पाच वाक्यांत गोष्ट, तीन सन, पाच शब्द. हे पान मुलांनीच गटाने तयार करावे. परतलेल्या मुलाने प्रथम ते पान वाचावे, एखाद्या वर्गमित्राने त्याला काळपट्टीवर जागा दाखवावी आणि पुढच्या तासिकेच्या चिटोऱ्यात त्याने इतरांबरोबर भाग घ्यावा. मोठ्या सुटीनंतर पहिल्या दोन तासिकांत नवा पाठ सुरू करू नये. गेलेला वेळ पुढे सहज भरून निघतो. तुटलेला विद्यार्थी तसा भरून निघत नाही.

समारोप

२००९ च्या कायद्याने आठवीपर्यंत विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्यास मनाई केली होती. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत नियमित परीक्षा घेण्याची तरतूद झाली. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याला पूरक अध्यापन व दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावयाची आणि त्यानंतरही तो उत्तीर्ण न झाल्यास त्याला त्याच वर्गात ठेवावे की नाही, हे संबंधित शासनाने ठरवावयाचे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी तसे नियम लागू केले. जेथे जेथे ही तरतूद अमलात येईल, तेथे आठवीत मागे राहणारे मूल बहुधा पहिल्या पिढीचे शिकणारे असेल आणि त्याची शाळा तेथेच सुटण्याचा धोका मोठा असेल. दोन महिन्यांच्या पूरक वर्गात तीन वर्षांची उणीव भरून निघेल अशी अपेक्षा करता येणार नाही.

म्हणून महाविद्यालयीन अध्यापकांनी आपल्या परिसरातील शाळांच्या वार्षिक नियोजनात एक गोष्ट आवर्जून पाहावी : जूनच्या पाठाकडे परत जाण्यासाठी सप्टेंबरात आणि जानेवारीत जागा ठेवली आहे काय? छात्राध्यापकांच्या पाठनिरीक्षणातही नवा भाग कसा शिकवला याबरोबरच जुना भाग किती वेळा उचलून घेतला, याची नोंद व्हावी. यासाठी नवे साहित्य लागत नाही, निधीही लागत नाही. कागदाची पट्टी, काही चिटोरे आणि तासिकेची पहिली पाच मिनिटे पुरतात. फक्त ती जूनपासून सुरू झाली पाहिजेत.