वर्गातला पडदा : कधी लावायचा, कधी बंद करायचा?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आयुष्यभर खडू-फळ्यावर शिकवलेल्या शिक्षकांना काही आठवड्यांत मोबाइलवरून शिकवायला शिकावे लागले. व्हिडिओ कसा बनवायचा, लिंक कशी पाठवायची, ऑनलाइन चाचणी कशी घ्यायची, हे बहुतेकांनी एकमेकांना विचारत आत्मसात केले. शाळा पुन्हा भरल्या, तरी ही साधने वर्गात राहिली. आता प्रश्न वेगळा आहे. साधन चालवता येते, पण त्याने मूल शिकते का? आणि त्याच्या डोळ्यांचे, झोपेचे काय? सातारा आणि सांगली या शेजारच्या दोन जिल्ह्यांतील दोन अनुभव यासाठी पाहण्यासारखे आहेत.

साध्या फोनवरची गोष्ट

सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. टाळेबंदीत अनेक पालकांकडे स्मार्टफोन नव्हता. होता तिथे रेंज आणि रिचार्जची अडचण. तेथील विजयनगरच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक बालाजी जाधव यांनी साध्या फोनवरही चालणाऱ्या कॉन्फरन्स कॉलचा उपयोग केला. मोजक्या मुलांना एका वेळी जोडायचे, गोष्ट ऐकवायची आणि मग मुलांना बोलते करायचे, अशी ही पद्धत.

यात चित्र नाही, अॅनिमेशन नाही. म्हणूनच ऐकणाऱ्याला प्रसंग मनात उभा करावा लागतो. स्वतः गोष्ट सांगायची वेळ आली की क्रम आठवावा लागतो, शब्द शोधावे लागतात. साधन साधेच होते. मेंदूचे काम मात्र मुलाकडेच राहिले.

आठवायला लावणे महत्त्वाचे

स्मरणशक्तीवरील संशोधन हेच सांगते. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना दोन उतारे वाचायला दिले. एक उतारा त्यांनी पुन्हा वाचला. दुसरा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला. आठवड्यानंतर मात्र त्यातला सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्या उताऱ्यातला सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला.

व्हिडिओलाही हे लागू पडते. हार्वर्डमधील संशोधकांनी २०१३ मध्ये २१ मिनिटांचे ध्वनिचित्रित व्याख्यान चार भागांत दाखवले. प्रत्येक भागानंतर छोटी चाचणी दिलेल्या विद्यार्थ्यांचे लक्ष इतरांच्या तुलनेत निम्म्याहून कमी वेळा भरकटले आणि त्यांनी टिपणेही जास्त काढली. म्हणजे वर्गातल्या टीव्हीवर सलग अर्धा तास व्हिडिओ लावण्यापेक्षा पाच मिनिटांनी तो थांबवून ‘आता काय पाहिलं, सांगा’ असे विचारणे अधिक उपयोगाचे.

सायंकाळचा भोंगा

दुसरा अनुभव सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचा. ऑनलाइन वर्गांच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा सुरू झाल्यावरही सुटेना. मुले लिहिण्या-वाचण्याचा कंटाळा करतात, हे शिक्षकांच्या लक्षात आले. १५ ऑगस्ट २०२२ पासून गावाने एक उपाय सुरू केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. या वेळात अभ्यास, वाचन आणि गप्पा. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून समजावत. नियम पालकांनाही होता. आईवडील पडद्यासमोर आणि मूल पुस्तकासमोर, असे फार दिवस चालत नाही.

या उपायाला आरोग्याचाही आधार आहे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. रात्रीच्या प्रखर प्रकाशाने झोप आणणाऱ्या मेलॅटोनिनचे स्रवणे लांबते. सतत जवळचे पाहणे आणि उन्हात न खेळणे यांचा संबंध लघुदृष्टीशी, म्हणजे लांबचे अस्पष्ट दिसण्याशी जोडला जातो. चीनमधील ग्वांगझोऊ येथे पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे जास्त बाहेर नेले गेले. तीन वर्षांत त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली. इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. पडद्यावरचा तास वाढला तरी मैदानावरचा तास कमी होऊ नये, तो यासाठी.

शिक्षकाने नेमके काय शिकायचे?

पुन्या मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार शिक्षकाला तीन ज्ञानांची सांगड घालावी लागते : विषय, अध्यापन आणि तंत्र. अॅप शिकवणाऱ्या एक दिवसाच्या प्रशिक्षणात फक्त तिसरे मिळते. पहिली दोन अनुभवी शिक्षकाकडे आधीच असतात. त्यामुळे ‘मला कॉम्प्युटर जमत नाही’ म्हणून मागे राहणाऱ्या ज्येष्ठ शिक्षकांनी स्वतःला कमी लेखू नये. अपूर्णांक शिकताना मूल कुठे अडते, हे त्यांना ठाऊक असते, अॅपला नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. पण तो कोड धड्याआधी उघडायचा की नंतर, आणि उघडल्यावर मुलांना काय करायला लावायचे, हे शिक्षकच ठरवतो.

सुरुवात करताना एवढे पाळता येईल :

• एका सत्रात एकच नवे साधन घ्यावे. ते हातात बसल्यावरच दुसरे.

• व्हिडिओ आधी स्वतः पाहून डाउनलोड करावा. कुठे थांबायचे आणि काय विचारायचे, ते लिहून ठेवावे.

• प्रत्येक २० मिनिटांनी मुलांना निदान २० सेकंद खिडकीबाहेर लांब पाहू द्यावे.

• घरचा अभ्यास मोबाइलवर देताना तो वहीतही करता येईल का, हे आधी पाहावे. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घरातल्या मुलाचा अभ्यास मागे पडता कामा नये.

• वीज गेली किंवा रेंज नसली तर तोच धडा फळ्यावर कसा घेता येईल, याची तयारी ठेवावी.