जिचं गवत कापावं लागे, ती नदी

2028 चं ऑलिम्पिक लॉस एंजेलिसला आहे. शहर पॅसिफिक महासागराच्या काठावरचं. तरीही उसळत्या पाण्यातून, वर टांगलेल्या खांबांमधून वाट काढत होडी हाकण्याची स्पर्धा, म्हणजे कनू स्लॅलम, तिथे होणार नाही. ती होणार आहे सुमारे दोन हजार किलोमीटर आत, ओक्लाहोमा सिटीमध्ये. या शहराला समुद्र नाही, डोंगर नाहीत, खळाळणारे झरेही नाहीत. आहे तो सपाट माळ आणि वारा. काही दशकांपूर्वी इथे महापालिकेची माणसं यंत्रं घेऊन नदीच्या पात्रात उतरत आणि तिथलं गवत कापत. गवत कापावं लागणारी देशातली एकमेव नदी आपलीच, असं गावकरीच हसून सांगत.

नदीचं नाव नॉर्थ कॅनेडियन. 1923 च्या ऑक्टोबरमध्ये तिला मोठा पूर आला, वरच्या अंगाला ओव्हरहोल्सर तलावाचा बांध फुटला आणि सखल वस्त्या पाण्यात गेल्या. पुढे पुराचं पाणी झटकन निघून जावं म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी नदीची वळणं काढली आणि पात्र सरळसोट केलं. पिण्यासाठी लागणारं पाणी तर वरच्या तलावांतच अडवलेलं. त्यामुळे शहराच्या वाट्याला आला तो एक लांबलचक चर. पुरात तुडुंब, एरवी कोरडा.

चक्र फिरलं ते एका नकारामुळे. 1991 मध्ये युनायटेड एअरलाइन्सला विमानदुरुस्तीचं मोठं केंद्र उभारायचं होतं. ओक्लाहोमा सिटीने भरघोस सवलती देऊ केल्या, तरी कंपनीने इंडियानापोलिस निवडलं. महापौर रॉन नॉरिक यांनी त्यातून एक गोष्ट ओळखली. जिथे संध्याकाळी पाय मोकळे करायला जागा नाही, अशा गावी माणसं राहायला यायला तयार होत नाहीत, मग कितीही करसवलत द्या.

त्यांनी नऊ कामांची एक योजना लोकांपुढे ठेवली. नदी आणि नवा कालवा त्यातच होते. मतदान एकच, सगळ्या कामांना मिळून होकार किंवा नकार. 14 डिसेंबर 1993 रोजी सुमारे 54 टक्के मतदारांनी होकार दिला. खरेदीवर डॉलरमागे एक सेंट जादा कर, तोही ठरावीक मुदतीचा. आधी पैसा जमवायचा, मग बांधायचं, कर्ज काढायचं नाही. पुढे लोकांनीच हा कर सहा महिने वाढवून दिला. तीस कोटी डॉलरहून जास्त रक्कम एकेका सेंटाने उभी राहिली.

आधी कालवा पाहू. ब्रिकटाउन हा रेल्वेमार्गालगतचा जुन्या लाल विटांच्या गोदामांचा भाग, तेव्हा जवळजवळ ओस पडलेला. तिथला कॅलिफोर्निया नावाचा रस्ताच खणून काढला आणि 1999 च्या जुलैमध्ये त्या जागी सुमारे दीड किलोमीटरचा कालवा खुला झाला. खरं कौशल्य खोलीत होतं. कालवा रस्त्याच्या पातळीवर ठेवला नाही, एक मजला खाली नेला. त्यामुळे गोदामांची अंधारी तळघरं थेट पाण्याच्या काठावर आली. भिंतीत दारं पडली, बाहेर टेबलं मांडली गेली, आणि त्याच इमारतीला दोन तळमजले मिळाले, एक रस्त्याच्या बाजूला आणि एक पाण्याच्या. वर मोटारींची वर्दळ, खाली पाण्यावरून फिरणाऱ्या प्रवासी होड्या.

नदीसाठीची युक्ती तर आपल्या ओळखीची आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यात काढून ठेवतात, पुराला वाट देतात आणि पाऊस ओसरला की पुन्हा बसवून पाणी अडवतात. ओक्लाहोमा सिटीनेही कमी उंचीचे तीन बंधारे घातले, त्यांना दारं ठेवली. एरवी दारं पाणी धरून ठेवतात, पूर आला की वाट देतात. माळाचा उतार अगदी अल्प असल्यामुळे छोट्याशा बंधाऱ्याचाही फुगवटा कितीतरी लांब पसरतो. तीन बंधाऱ्यांत सुमारे 11 किलोमीटर पाणी उभं राहिलं. 2004 मध्ये या पट्ट्याला ‘ओक्लाहोमा रिव्हर’ हे नाव मिळालं.

आणि मग जे घडलं ते मला सर्वांत विलक्षण वाटतं. रोइंगच्या शर्यतीला सहसा दोन हजार मीटर सरळ आणि संथ पाणी लागतं. नदीत असं पाणी सहसा सापडत नाही, कारण नदी वळणारच. पुराच्या भीतीने जिची वळणं कापली, ती नदी मात्र नेमकी तशीच झाली होती! जो सरळपणा पात्राला गटाराची कळा देत होता, त्यावरच आता वल्हवणारे चमू धावू लागले. काठावर बोटघरं उभी राहिली. 2016 मध्ये शेजारीच फेसाळत्या पाण्याची कृत्रिम वाट तयार झाली. प्रचंड पंप पाणी वरच्या तळ्यात चढवतात, तिथून ते अडथळ्यांवर आपटत खाली येतं आणि पुन्हा वर जातं. ऑलिम्पिकचे होडीवाले येणार आहेत ते इथेच.

याला नदी म्हणावं का? खरं तर ही एकापाठोपाठ एक ठेवलेली तीन तळी आहेत. अडवलेल्या पाण्यात गाळ बसतो, बंधारे माशांची वाट अडवतात, उन्हाळ्यात पाणी उडून जातं. हे सगळं सांभाळण्याचं काम शहराने कायमचं अंगावर घेतलं आहे. शिवाय पाणी कुठलं, हाही प्रश्न असतोच. अहमदाबादला साबरमतीच्या घाटांपुढे दिसणारं पाणी वासणा बॅरेजने अडवलेलं आहे आणि त्यातलं बरंचसं नर्मदेच्या कालव्यातून येतं. त्या कालव्याला पाणी पुरवणाऱ्या सरदार सरोवराच्या फुगवट्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली आदिवासी गावं बुडाली. काठावरची संध्याकाळ सुंदर असतेच, पण तिची किंमत कधी कधी दूरच्या कुणीतरी मोजलेली असते.

म्हणून आपल्या गावात नदीकाठ सुधारण्याचा आराखडा आला, की दिवे आणि फरशा पाहण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. पाणी कुठून येणार, पूर आला तर त्याला वाट कुठून, आणि काठावर येण्याचा हक्क कुणाला? ओक्लाहोमा सिटीने पुराची वाट बुजवली नाही आणि खर्च लोकांच्या संमतीने उभा केला. पाणी नसलेल्या शहरालाही काठ मिळू शकतो, ही नवलाची गोष्ट तिथे खरी झाली. आपल्या बहुतेक गावांना तर नदी आयतीच मिळाली आहे, तिचे काठ मोकळे ठेवणं एवढंच आपल्या हाती उरलं आहे.