समुद्रात हिराकस टाकली तर?

आमच्या इंद्रपुरीतल्या घरी लोखंडाचा विषय तसा नवा नाही. बाबा आयुष्यभर भेलमध्ये होते, त्यामुळे पोलाद हे आमच्या जेवणाच्या ताटावरच्या गप्पांतलंच. पण लोखंड समुद्रात पेरायचं, ही कल्पना घरात आणली माझ्या भाचीने. ती नववीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिने विषय निवडला होता : 'समुद्राला लोह द्या, पृथ्वीचा ताप उतरवा'.

"मामा, शाळेत आम्हाला आठवड्याला लोहाची गोळी देतात ना, तशीच गोळी समुद्राला द्यायची. बस!"

मी सॉफ्टवेअरवाला. एक ओळ बदलून अख्खी प्रणाली सुरळीत झाली की आम्हाला सणासारखा आनंद होतो. कल्पना ऐकताच मी खूश झालो, तिला पोस्टरही करून दिलं. आणि तिथेच चुकलो. आधी वाचायला हवं होतं.

मुळातला तर्क मात्र पक्का आहे. समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती तरंगत असतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातलं जवळपास निम्मं काम त्या करतात. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्या घेतात आणि वाढतात. मेल्यावर त्यांचा थोडा भाग खोल तळाकडे बुडतो आणि त्याबरोबर कार्बनही खाली जातो. अंटार्क्टिकाभोवतीच्या थंड दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर आहेत, तरी बऱ्याच भागात ही 'शेती' खुरटी राहते. कारण लोह नाही. समुद्राला बरंचसं लोह जमिनीवरच्या धुळीतून मिळतं आणि तिथे जमीन फार दूर. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी 1980च्या दशकाच्या अखेरीस हा मुद्दा जोरात मांडला.

आपल्या बड्या तालाबाची गोष्ट नेमकी उलटी. तिथे सांडपाण्यातून आणि शेतातून खत जास्त येतं, म्हणून जलपर्णी आणि शेवाळ माजतं. एकीकडे अजीर्ण, दुसरीकडे पंडुरोग! ही तुलना भाचीला फार आवडली.

मग आम्हाला सापडला 'लोहाफेक्स'. नावातच आपलं 'लोहा' आहे. गोव्यात दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा हा संयुक्त प्रयोग. भारताकडून वाजिह नक्वी आणि जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटाचेक हे त्याचे प्रमुख होते. जानेवारी 2009मध्ये 'पोलरस्टर्न' हे जहाज केपटाउनहून निघालं आणि वाद पेटला. समुद्र म्हणजे काय प्रयोगशाळा आहे का, असा पर्यावरणवाद्यांचा सवाल होता. जहाज वाटेत असतानाच जर्मन सरकारने काम थांबवून पुन्हा तपासणी करायला लावली. जानेवारीच्या अखेरीस परवानगी मिळाली.

दक्षिण अटलांटिकमध्ये एक मोठा भोवरा निवडला होता, म्हणजे टाकलेलं लोह लगेच पांगणार नाही. तिथल्या 300 चौरस किलोमीटर पट्ट्यात दोन वेळा, प्रत्येकी 2 टन लोह टाकलं. तेही शुद्ध लोखंड नव्हे, तर फेरस सल्फेट, म्हणजे आपली हिराकस. मी हिशेब केला : एका वेळी चौरस मीटरला जेमतेम 7 मिलिग्रॅम लोह! मग 39 दिवस पाण्यावर नजर ठेवली.

सुरुवात झकास झाली. हरितद्रव्य दुप्पट झालं. पण पुढे गाडी अडली. जड काचेसारखं कवच असलेले डायटम वाढले असते, तर ते पटकन बुडाले असते. कवचासाठी त्यांना सिलिका लागते आणि त्या पाण्यात सिलिकाच अगदी कमी होती. त्यामुळे वाढले ते बारीक, मऊ जीव. कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी त्यांचा फडशा पाडला, आणि कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉडनी खाल्लं. खाणाऱ्यांच्या श्वासातून कार्बन पुन्हा पाण्यात आला. खाली बुडणाऱ्या कार्बनमध्ये लक्षणीय वाढ झालीच नाही. बहुतेक कार्बन वरच्या थरातच फिरत राहिला.

याच जहाजावर 2004मध्ये झालेल्या 'आयफेक्स' प्रयोगात मात्र सिलिका भरपूर होती. तिथे वाढलेल्या वनस्पतींपैकी किमान निम्म्या 1000 मीटरच्या खाली गेल्या. म्हणजे औषध तेच, रोगी वेगळा. एक कमतरता भरून काढली की पुढची उघडी पडते. आमच्या धंद्यातही हेच : एक अडथळा काढावा तर त्यामागे दुसरा उभाच.

हे सगळं वाचून झालं तेव्हा प्रदर्शनाला तीन दिवस उरले होते आणि पोस्टर छापून तयार होतं. ताई म्हणाली, "असू दे रे आता, सुंदर झालंय." मीही गप्प बसलो असतो, खरं सांगतो. भाचीच म्हणाली, "पण मामा, ते खरं नाहीये ना."

रात्री आम्ही नवं पोस्टर केलं. शीर्षक तिचंच : 'लोह दिलं, पण कार्बन बुडला का?' दोन बाटल्यांची चित्रं, एकीत सिलिका, दुसरीत नाही. शेवटी तिने लिहिलं, की पेट्रोल-कोळसा कमी जाळण्याला ही पळवाट नाही.

परीक्षकांनी विचारलं, "मग हा प्रयोग फसला म्हणायचा?" ती म्हणाली, "नाही सर. प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं. आपल्याला हवं होतं ते नाही मिळालं, एवढंच."

मुलांनो, मामा-काकांनी करून दिलेलं पोस्टरही एकदा तपासून घेत जा. आमची भाची आता गोव्याला जायचं म्हणते. समुद्रकिनाऱ्यासाठी नव्हे, दोना पावलाची ती संस्था बघायला. तिकिटं मी काढणार आहे. तेवढं तर माझ्याकडे लागतंच.